माय नेम इज डॅश

मैत्रिणींनो, या आठवड्यात खरं तर पावसाळ्यात न वाळणारे गणवेश आणि दप्तरांना येणारा कुबट वास याविषयी लिहायचं ठरवलं होतं. पण बोईसरहून एका भगिनीचं पत्र आलं आणि दप्तरं बाजूला राहिली. वास पुढच्या आठवड्यात घालवू.

पत्र चांगलं चार पानी आहे. यजमान तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात शिफ्ट ड्यूटीवर. या स्वतः दहावी, मराठी माध्यमातून. घरी मशीनवर ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करून देतात. मुलगी यंदा पहिलीत गेली, सेमी-इंग्रजीच्या वर्गात. महिनाअखेरीस शाळेत पालक सभा आहे. प्रत्येक मुलाने उभं राहून इंग्रजीत स्वतःची ओळख सांगायची आणि जमल्यास आईवडिलांनीही दोन वाक्यं बोलायची, असा निरोप आलाय. आता पुढचं त्यांच्याच शब्दांत देते: "रात्री केस विंचरताना पोरगी म्हणाली, आई, तू सभेला ये हं, पण बोलू नकोस. मी हसून हो म्हटलं. पण ताई, मग मशीनवर बसले ती टीप सरळ येईना."

त्यांचे प्रश्न दोन. मुलीला ओळख सांगायला कशी शिकवू? आणि मी इंग्रजी बोलण्याचा क्लास लावू का? फी ऐकून छातीत धस्स झालं म्हणतात.

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकते. स्वतःला हौस असेल, पुढे दुकान टाकायचं असेल, गिऱ्हाइकांशी बोलायचं असेल, तर क्लास खुशाल लावा. सभेच्या भीतीने लावू नका. एका महिन्यात तो तुम्हाला पाठ केलेली दहा वाक्यं देईल. आणि पाठ केलेल्या वाक्यांचं काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

२००० सालच्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. वर्तमानपत्रांतून केवढा वाद माजला होता! कुणी म्हणे मराठी बुडाली, कुणी म्हणे खेड्यापाड्यातल्या पोरांना एकदाचं दार उघडलं. आम्ही शाळेतल्या बाया मात्र तिसऱ्याच काळजीत होतो. आम्हालाच कुठे धड येत होतं? माझ्या आधीच्या कितीतरी जणींचं इंग्रजी आठवीपासून, माझं पाचवीपासून, आणि डी.एड. सगळं मराठीतून. मी तेव्हा पालघर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवत होते. (पालघर हा जिल्हा झाला २०१४ च्या १ ऑगस्टला. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यातले. पगाराचं एखादं काम अडलं की ठाण्याची वारी ठरलेली.)

पहिला पाठ ओळखीचा. फळ्यावर लिहिलं, 'माय नेम इज', आणि पुढे एक आडवी रेघ. तिथे ज्याने त्याने आपलं नाव घालायचं, एवढं सांगायला हवं होतं. सांगितलं की राहिलं, आता आठवत नाही. वाचून दाखवताना मात्र रेघेपाशी आले की मी ठसक्यात 'डॅश' म्हणत होते, हे पक्कं आठवतं. मुलं माझ्यामागून म्हणत. महिनाभर म्हटलं. काय सूर लागला होता वर्गाला! शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन कौतुक करून गेल्या.

मग एक दिवस केंद्रप्रमुख आले. पहिल्या रांगेतल्या मुलीला त्यांनी विचारलं, "व्हॉट इज युअर नेम?" ती ताडकन उठली, हाताची घडी घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माय नेम इज डॅश. आय ॲम अ बॉय. आय ॲम सिक्स इयर्स ओल्ड. आय लिव्ह इन डॅश." साहेब हसले. मी ओशाळून हसले. मग आपण हसायचं आहे असं समजून सगळा वर्ग हसला. ती पोर मात्र उभीच. काय चुकलं ते तिला कळेना, कारण तिचं काही चुकलंच नव्हतं. बाईंनी दिलं तेच तिने जसंच्या तसं परत दिलं होतं. इंग्रजीच्या तासाला ती दिवाळीपर्यंत तोंड उघडेना. मराठीच्या तासाला तीच मुलगी चिमणीसारखी चिवचिवायची.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पाठात चूक कुठे होती? पुष्कळ विचार केला तेव्हा लक्षात आलं ते अगदी साधं होतं. ओळख कुणाला करून देतात? जो आपल्याला ओळखत नाही त्याला. आमच्या वर्गात सगळी मुलं एका गावची, एका आळीची. निम्मी एकमेकांची मामेभावंडं, चुलतभावंडं. मला तर त्यांच्या आज्यांचीही नावं ठाऊक. असं असताना मी रोज प्रत्येकाला विचारत होते, तुझं नाव काय? शहाणं मूल असल्या प्रश्नाचं उत्तर कशाला देईल? ते पाठच म्हणणार. आरतीत शब्दांचा अर्थ मनात न आणता टाळ्या वाजवतो ना आपण, तसंच ते.

पुढे माझी बदली बोईसरच्या बाजूला झाली आणि माझे डोळे उघडले. तुम्ही बोईसरच्या, तुम्हाला तिथला वर्ग कसा असतो ते सांगायला नको. पण इतर मैत्रिणींसाठी सांगते. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, मागोमाग एमआयडीसी आली, आणि पोटापाण्यासाठी माणसं चहूकडून आली. माझ्या वर्गात उत्तर प्रदेशातली, बिहारची, ओडिशाची, गुजरातची मुलं होती. पाड्यावरून येणारी वारली मुलं होती. आपली मराठी तर होतीच, आणि तीही कुणी वाडवळी बोलणारं तर कुणी थेट साताऱ्याकडचं. जून महिन्यात ही सगळी मुलं एका खोलीत नुसती एकमेकांकडे बघत बसायची. मधल्या सुट्टीत एकाने दुसऱ्याला हाक मारायची म्हणजे सदऱ्याचं टोक ओढायचं!

इथे नाव विचारण्याची खरी गरज होती. मी चिंध्यांचा एक चेंडू केला. सगळ्यांना गोल बसवलं. ज्याच्या हातात चेंडू त्याने "आय ॲम" म्हणून नाव सांगायचं, मग "हू आर यू?" विचारून दुसऱ्याकडे फेकायचा. बस्स, दोनच वाक्यं. फळ्यावर काही लिहिलं नाही. पहिल्या दिवशी सात-आठ जणं बोलली, बाकीच्यांनी नुसता चेंडू झेलला. मी कुणाला बळंच बोलायला लावलं नाही. चौथ्या दिवशी एका अबोल मुलाने स्वतःचं नाव सांगायच्या ऐवजी शेजाऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "ही इज" आणि शेजाऱ्याचं नाव. हे वाक्य मी शिकवलंच नव्हतं! त्याने कुठून उचललं कोण जाणे. चेंडू गोल फिरून त्याच्याकडे पुन्हा आला तेव्हा त्याने आणखी तिघांची नावं सांगितली. त्या मुलाची घरची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला येत नव्हती. पण त्या दिवशी त्याला चार मित्र मिळाले.

नावं सगळ्यांना पाठ झाली की खेळ शिळा होतो. मग सोंगं घ्यायची. आज तू वांगं, तू भेंडी, तू कांदा. "हू आर यू?" "आय ॲम ॲन अनियन." अहो, जे मूल स्वतःचं नाव सांगताना लाजतं ते कांदा झाल्यावर ओरडून बोलतं. आणि 'ॲन' कुठे लावायचं हे कांद्याने जितकं बिनबोभाट शिकवलं तितकं व्याकरणाच्या पुस्तकाने मला कधी शिकवलं नव्हतं.

आता घरी काय करायचं? घरी मुलगी तुम्हाला ओळखतेच, तेव्हा पुन्हा तीच अडचण. त्यावर मी सांगते तो उपाय करा. घरातला एक जुना मोजा घ्या. तुमच्याकडे बटनांची काय ददात! दोन बटनं डोळ्यांना, लाल चिंधीची जीभ, हातात घातला की झाली बाहुली. ही बाहुली लांबच्या गावाहून आलेली आहे आणि तिला मराठी येत नाही, एवढंच मुलीला सांगायचं. बाहुलीला नाव मुलीनेच ठेवू दे. बाहुली विचारील, "हू आर यू?" मुलगी सांगेल. मग बाहुली दुसऱ्या दिवशी सारं विसरून पुन्हा विचारील. मुलं मोठ्या माणसांच्या विसरण्यावर चिडतात, पण बाहुलीला दहा वेळा न कंटाळता सांगतात. तुमचं इंग्रजी चार वाक्यांपुरतं असलं तरी बाहुलीला तेवढं पुरतं. उलट बाहुली मुद्दाम चुकू दे. "यू आर अ बॉय?" असं तिने म्हटलं की तुमची लेक कशी उसळते बघा.

पण बोलायची घाई नको. बाळ बोलायला लागायच्या आधी कितीतरी महिने नुसतं ऐकतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. 'दिवा कुठाय?' म्हटलं की ते मान वर करून दिव्याकडे बघतं. शब्द फुटलेला नसतो, अर्थ कळलेला असतो. नेमक्या याच गोष्टीवर जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात परकी भाषा शिकवण्याची एक रीत बसवली. बाईंनी सांगायचं, मुलांनी करून दाखवायचं, बोलण्याची सक्ती नाही. सगळ्या आया हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. स्वयंपाक करता करता म्हणा: "ब्रिंग द स्पून. ओपन द डोअर. गिव्ह मी अ पोटॅटो. टच युअर नोज." ती आणून देईल, उघडेल, नाकाला हात लावील. महिनाभर ती एक शब्द बोलली नाही तरी बिघडलं नाही. मग एक दिवस ती तुम्हाला हुकूम सोडायला लागेल. त्या दिवशी मात्र उठावं लागेल बरं का!

शब्दांविषयी आणखी थोडं सांगायचं आहे. भिंतीवर लावायचे तक्ते मिळतात ना बाजारात, त्यांतल्या 'आय फॉर इग्लू'चा मला मनस्वी राग आहे. बर्फाचं घर पालघरात कुणी पाहिलंय? 'वाय फॉर याक', तेही तसंच. आणि सातपाटीच्या ज्या मुलाच्या दारात होडी, ज्याच्या अंगणात जाळी वाळतात, त्याला बोट, नेट, फिश, रोप, सी हे शब्द आधी का मिळू नयेत? पापलेट हा २०२३ साली राज्याचा राज्यमासा झाला, तो काही तक्त्यात नाही. घोलवडच्या मुलाला चिकू आधी हवा. चिकूला इंग्रजीत काय म्हणतात असं मला एका मुलाने विचारलं होतं. सपोटा म्हणतात, पण आपल्या देशात इंग्रजी बोलतानाही लोक चिकूच म्हणतात, असं सांगितल्यावर त्याची छाती वीतभर फुगली.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. आपल्याच भागात, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. पुढे हे काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीचं काम केलेलं. पण महागाची साधनं आदिवासी पाड्यावर आणणार कुठून? त्यांनी पानं, बिया, खडे, शंख-शिंपले हीच साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीचं मूळ तिथलं. त्या इंग्रजी शिकवत नव्हत्या हे खरं, आणि लहान मुलांना त्यांच्या भाषेतच शिकवावं असा त्यांचा ठाम आग्रह. पण मुलाच्या हातात आहे तिथून सुरुवात करायची, ही त्यांची चाल इंग्रजीच्या तासालाही तितकीच लागू पडते.

एक गंमत सांगते. मगाशी मी 'गिव्ह मी अ पोटॅटो' म्हटलं ना, तो पोटॅटो आणि आपला बटाटा एकाच पोटचे. अमेरिकेकडच्या बेटांवरचा मूळ शब्द. तो इंग्रजांकडे एका वाटेने गेला आणि आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. या किनाऱ्यावर त्यांचा अंमल होताच, १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूर आणि वसई घेईपर्यंत. पाव, चावी, पगार, कोबी, अननस हेही तिकडूनच आलेले. हे शब्द शिकायला आपल्या खापरपणजीने क्लास लावला नव्हता. वस्तू घरात आली, शब्द मागोमाग आला.

उलटही होतं, आणि ते मुलीला आवर्जून सांगा. कुटुंबाची ओळख शिकवताना 'धिस इज माय अंकल' आलं की माझा वर्ग गोंधळायचा. कोण अंकल? मामा की काका? आत्याचे यजमान की मावशीचे? इंग्रजीत चौघांना एकच शब्द, म्हटल्यावर एक मुलगी कळवळून म्हणाली, "बाई, मग त्यांना कळतं कसं, दिवाळीला कुणाकडे जायचं?" आणि मैत्रिणींनो, नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी या सगळ्यांची तिथे मिळून एकच 'सिस्टर-इन-लॉ'! ज्या भाषेला जाऊ आणि नणंद यांतला फरक दाखवता येत नाही, तिला इतकं काय घाबरायचं? पोळपाटाला आणि विळीलाही इंग्रजीत आपल्यासारखा नेमका शब्द नाही. तिथे 'पोळपाट'च म्हणायचं आणि पुढे जायचं.

चुकांचं काय, असं विचाराल. मुलगी 'आय ॲम लिव्ह इन बोईसर' म्हणाली, तर मध्येच थांबवून 'ॲम नको' असं करू नका. बाहुलीला म्हणू द्या, "ओ, यू लिव्ह इन बोईसर!" मुलीच्या कानावर बरोबर वाक्य पडलं, तिचा पाणउताराही झाला नाही. वय सांगताना आपल्याकडे 'मला सहा वर्षं पूर्ण झाली' म्हणतात, म्हणून मुलं 'आय हॅव सिक्स' करतात. तेही असंच सुधारा. 'अ' आणि 'द' मराठीत नाहीतच, ते गळणारच. सुरुवातीची दोन वर्षं तिकडे काणाडोळा करा. 'मायसेल्फ' म्हणून नाव सांगायची मोठ्यांची सवय तेवढी तिला लागू देऊ नका, कारण ती पुढे मुलाखतीपर्यंत सुटत नाही. 'आय ॲम' पुरे. उच्चारांची तर फार चिंता नको. 'बॅट', 'बॉल'चे आवाज आपल्याला येतात. झेडचा आवाज 'जरा', 'जग' यांतल्या ज च्या अगदी जवळचा आहे, तो मराठी मुलाला सहज जमतो. व्ही आणि डब्ल्यू आपण दोन्ही 'व'च म्हणतो. त्यासाठी मात्र आरशासमोर बसा: व्हॅनला वरचे दात खालच्या ओठावर, वॉटरला ओठांचा चंबू. पाच मिनिटांचा खेळ आहे, मुलींना आवडतो.

आता तुमच्या सभेकडे येते.

बोईसरच्या भगिनी, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. 'मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही' असं तुम्ही लिहिता. आणि त्याच पत्रात तुम्ही काय काय लिहिलंय ते मी पेन्सिलीने खुणा करून मोजलं: मशीन, ब्लाउज, फॉल, पिको, टेप, हुक, कॉलर, लेस, पायपिंग, फिटिंग, बॉबिन, शिफ्ट, ड्यूटी, लाइट बिल, गॅस, सिलिंडर, सेमी, फी, क्लास, टेन्शन. ही वीस झाली, आणि पत्र अजून संपलेलं नाही! त्यांतला पिको तर मुळात फ्रेंच, आणि ब्लाउजही त्याच देशाहून इंग्रजीत आलेला. तुम्ही रोज दुपारी दोन परदेशांच्या भाषा बोलता.

मुलीच्या शाळेतून बहुतेक जी ओळख येईल तिच्यात एक वाक्य असणार: 'माय मदर इज अ हाउसवाइफ.' मीही हे वाक्य वर्षानुवर्षं शिकवलं. चाळीस मुलं एका सुरात ते म्हणायची, आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या आया पहाटे मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या असायच्या, वाडीत चिकू तोडायला गेलेल्या असायच्या, कारखान्यात पॅकिंगला उभ्या असायच्या. एकदा एक मुलगा हे वाक्य म्हणता म्हणता मध्येच थांबला आणि मराठीत मला म्हणाला, "बाई, आई घरी नसतेच." त्या दिवसापासून मी ते वाक्य सोडलं. प्रत्येकाने घरी जाऊन आई दिवसभर काय काय करते ते बघून यायचं आणि त्यातलं एक काम इंग्रजीत सांगायचं, असं केलं. शी सेल्स फिश. शी ग्रोज राइस. शी मेक्स बास्केट्स. एवढ्या छोट्या छोट्या वाक्यांनी आमचा तास असा रंगायचा की घंटा ऐकू यायची नाही. एकेका आईचं काम कळलं की बाकीची मुलं तिच्या मुलाकडे निराळ्याच नजरेने बघायची.

तेव्हा असं करा. उद्यापासून दुपारी मुलीला मशीनपाशी बसवा. टेप, बटन, हुक, लेस हे शब्द तुमच्याकडे आहेतच. सुईला नीडल, दोऱ्याला थ्रेड, कात्रीला सिझर्स, कापडाला क्लॉथ, एवढे चार तिला शाळेतून आणायला सांगा. हवे असतील ते तिने बाईंना विचारून यावेत, आणि येऊन तुम्हाला शिकवावेत. हो, तिने तुम्हाला. तुम्ही खुशाल चुका, तिला दुरुस्त करू द्या. 'तू बोलू नकोस' म्हणणाऱ्या मुलीला आपली आई आपल्याकडून शिकली, हे एकदा अनुभवू दे. आणि त्याच दुपारी तिला हूक लावायला तुम्ही शिकवा.

तिच्या ओळखीत तीन वाक्यं पुरेत. नाव, गाव, आणि तिला काय आवडतं ते. आवडतं ते तिनेच ठरवायचं. 'आय लाइक मँगो' सगळ्या वर्गाने म्हटलेलं असेल, तिला खरंच बोंबील आवडत असतील तर 'आय लाइक बोंबील' म्हणू दे. बाईंना हसू येईल, पण ते निराळं हसू. मग तिने तुमचा हात धरून म्हणायचं, "धिस इज माय मदर. शी स्टिचेस ब्लाउजेस." 'स्टिचेस' जिभेवर अडखळलं तर 'स्टिच' म्हटलं तरी चालेल. तुमची दोन वाक्यं मी इथे लिहून देते: 'आय ॲम हर मदर. आय स्टिच ब्लाउजेस.' आणखी बोलावंसं वाटलं तर पुढे सरळ मराठीत बोला. सभेला आलेल्या निम्म्या आया त्यासाठी मनातून तुमचे आभार मानतील.

मुलीला मात्र आधी विचारा, चालेल का म्हणून. ती 'नको' म्हणाली तर रागावू नका. सहा वर्षांच्या पोरीला वर्गात हसू होण्याची केवढी धास्ती असते, ते डॅशवाल्या मुलीने मला दाखवलं आहे. तुमच्या लेकीने तुम्हाला बोलू नकोस म्हटलं ते बहुधा तुमची लाज वाटून नाही, तुम्हाला कुणी हसेल या भीतीने. हे मी अंदाजाने लिहिते आहे. तुम्ही आई आहात, वेणी घालताना हळूच विचारून बघा.

सभा झाली की मला कळवा. ब्लाउजाच्या कापडाचा एखादा तुकडा पत्रासोबत पाठवलात तर माझ्या मोज्याच्या बाहुलीला झगा होईल. तिचा जुना झगा पार विरला आहे.